कान सांभाळणारी मुले

दवाखान्यात तीस वर्षे बसल्यावर डॉक्टरला एक वाईट खोड लागते. समोरच्याचे वय ऐकले की निम्मे निदान आपोआप होऊन जाते. सत्तरी ओलांडलेला रुग्ण गुडघा दुखतो म्हणाला, की मनात प्रथम उमटणारा शब्द म्हणजे ‘वयोमान’. सोबत आलेली सून काळजीने सांगू लागली, की हल्ली ते फारसे बोलत नाहीत, तरी उत्तर तेच. हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो उच्चारला की तपासणीही संपते आणि विचारही. माझ्या स्वतःच्या घरात मी तो दोन वर्षे वापरला. तो चुकीचा होता हे मला कळले परक्या देशातील एका मैदानावर, आणि सांगणारा होता एकोणतीस वर्षांचा एक वाजंत्री.

हा वाजंत्री माझा भाचा. ताई लग्नानंतर इंग्लंडला गेली; भाचा तिथेच जन्मला, तिथेच वाढला. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून इलेक्ट्रॉनिक पॉप वाजवतात. एक मुलगी गाते, एक मुलगा काठ्यांनी रबरी पॅड बडवून संगणकातील तालवाद्ये वाजवतो आणि भाचा दोन सिंथेसायझर व एक लॅपटॉप सांभाळतो. हे संगीत म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे मीही समजत होतो. या प्रकाराच्या आद्य मंडळींपैकी एक म्हणजे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात १९७० मध्ये सुरू झालेला ‘क्राफ्टवेर्क’ हा वाद्यवृंद. त्याचे एक संस्थापक राल्फ ह्यूटर यांचा जन्म १९४६ चा. पंचाहत्तरी उलटल्यावरही ते रंगमंचावर उभे राहून वाजवीत आले आहेत. म्हणजे या पोरखेळाचे आजोबा आपल्या अनेक वाचकांच्याच वयाचे आहेत.

युरोपात जून ते ऑगस्ट हा या मंडळींचा सुगीचा काळ. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांच्या तारखा धरून तमाशाचे फड निघतात, तसे हे वाद्यवृंद एका महोत्सवाकडून दुसऱ्याकडे धावत असतात. बहुतेक महोत्सव उघड्या माळावर भरतात. त्यांतील ग्लॅस्टनबरीचे नाव अनेकांनी ऐकले असेल. मायकल इव्हिस या गवळ्याने १९७० साली आपल्या शेतावर तो सुरू केला. तिकीट एक पौंड आणि शेतावरचे दूध फुकट. आज त्याच शेतावर दोन लाखांहून अधिक माणसे जमतात. मात्र काही वर्षांनी एकदा महोत्सव बंद ठेवून जमीन विश्रांतीसाठी मोकळी सोडली जाते. २०१८ हे असेच वर्ष होते. रान पडीक ठेवण्याचे महत्त्व आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

२०२३ च्या जूनमध्ये ताईच्या निवृत्तीनिमित्त मी तिच्याकडे गेलो होतो. भाच्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. “मामा, व्हॅनमध्ये एक सीट रिकामी आहे. बारा दिवस, चार महोत्सव. चल,” तो म्हणाला. युरोपचा व्हिसा माझ्याकडे होताच. मी निघालो, खरे सांगायचे तर ताईच्या सांगण्यावरून. मुलगा काय खातो, काय पितो, कुणाच्या संगतीत असतो, हे तिला माझ्या डोळ्यांनी पाहायचे होते. माझ्याही मनात नशा, जागरणे आणि बेताल वागणे यांचे सिनेमातले चित्र होते.

प्रत्यक्षात मला दिसला तो एखाद्या मालवाहतूक कंपनीचा दिनक्रम. व्हॅनमध्ये तिघे कलावंत, एक ध्वनितंत्रज्ञ, गाडी चालवणारी आणि सारा हिशोब ठेवणारी व्यवस्थापिका, आणि मी. मागची आसने काढून तिथे वाद्यांच्या काळ्या पेट्या रचलेल्या. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून सीमा ओलांडताना कागदांची एक जाडजूड फाइल लागते. वाद्ये व यंत्रे यांची यादी आणि प्रत्येकाचा क्रमांक. फोकस्टनहून कॅलेला समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वे पस्तीस मिनिटांत नेते. पण त्याआधीच्या रांगेत तीन तास गेले. बेल्जियममधील कार्यक्रम आटोपून डेन्मार्कला जाताना अख्खा दिवस जर्मनीच्या महामार्गावर गेला. जेवण पेट्रोल पंपावरचे. पाव, चीज, तळलेले बटाटे. मी सातारहून नेलेली मेतकुटाची बरणी तिसऱ्याच दिवशी रिकामी झाली.

कार्यक्रमाचा दिवस आणखी विलक्षण. सकाळी नऊला मैदानाच्या मागच्या फाटकावर पोहोचायचे, मनगटावर कापडी पट्टी बांधून घ्यायची आणि मग ताटकळत बसायचे. आधीचा वाद्यवृंद वाजवत असताना आपली वाद्ये पडद्यामागे चाकांच्या चौथऱ्यावर मांडायची. तो संपला की त्यांचा चौथरा बाहेर, आपला आत. या अदलाबदलीला मिळतात वीस ते तीस मिनिटे. वाद्ये नीट जुळवून, गाऊन पाहायला वेळच नसतो. प्रत्येक तारेतून आवाज येतो की नाही, एवढेच तपासायचे. मग चाळीस मिनिटे वाजवायचे आणि दहा मिनिटांत सारे आवरून बाहेर. वीस तासांच्या धावपळीत कला ती चाळीस मिनिटे.

त्या चाळीस मिनिटांतही ऊन आणि पाऊस हे खरे वैरी. इलेक्ट्रॉनिक संगीताची निम्मी जादू अंधारात आणि रंगीत दिव्यांत असते. नवख्या मंडळींना वेळ मिळते दुपारी दोनची, आणि डेन्मार्कात जूनअखेरीस रात्री दहालाही उजेड असतो! लखलखीत उन्हात दिवे दिसत नाहीत, लॅपटॉपचा पडदा दिसत नाही आणि यंत्र तापून केव्हाही बंद पडते. म्हणून एकाच वेळी दोन संगणक चालू ठेवतात. एक आजारी पडला तर दुसरा त्याच क्षणी काम हाती घेतो. त्यांच्यावर ओला टॉवेल टाकू का, असे मी विचारले. तंत्रज्ञ कळवळून म्हणाला, “डॉक्टर, ओला नको. पांढरा कोरडा.” डॉक्टरांनाही उपचार शिकावे लागतात.

ताईला मी रोज फोनवर सांगत होतो, काळजी करू नकोस. गाणारी मुलगी कार्यक्रमाआधी दोन तास कुणाशी बोलत नव्हती, कोमट पाणी पीत होती. पाठदुखी टाळण्यासाठी पेट्या उचलताना गुडघ्यात वाकायचे, हे त्यांना मला शिकवावे लागले नाही. झोपेची मात्र दैना होती. कार्यक्रमानंतर पहाटेपर्यंत डोळा लागत नसे आणि सकाळी पुन्हा प्रवास. हे आयुष्य चाळिशीनंतर झेपणारे नाही, असे मी भाच्याला स्पष्ट सांगितले. तोही नाही म्हणाला नाही.

पण या मुलांच्या ज्या सवयीने मी थक्क झालो, ती कानांविषयीची होती. प्रत्येकाच्या गळ्यात एक लहानशी डबी. तीत कानाचा साचा घेऊन बनवलेली सिलिकॉनची बुचे. ती सगळा आवाज सारख्या प्रमाणात खाली आणतात, त्यामुळे गाणे गढूळ न होता फक्त मंद होते. दुसऱ्यांचे कार्यक्रम ऐकायला जातानाही बुचे कानात. रंगमंचावर त्यांच्या कानात वेगळी श्राव्ययंत्रे असत आणि त्यांतील आवाजाला तंत्रज्ञाने मर्यादा घालून दिलेली. प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या त्याच्या टेबलावर डेसिबल मोजणारा पडदा होता. त्यावर दर पंधरा मिनिटांची सरासरी दिसे. आकडा चढू लागला की तो हात आखडता घेई.

यामागचे गणित वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज आठ तास हळूहळू कानाला बाधू लागतो, असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी जो निकष जाहीर केला, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा वर जाऊ देऊ नये असे म्हटले आहे. आतल्या कानात शंखाकृती नळी असते, तीत सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी. आवाजाच्या लाटेने त्या डुलतात आणि मेंदूला संदेश देतात. सतत झोडपल्या गेल्या की मोडतात. मोडलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

बेल्जियममधील महोत्सवात मी एकटाच फिरत होतो. आईवडिलांच्या खांद्यावरील लहान मुलांच्या कानांवर रंगीबेरंगी, जाड संरक्षक टोप्या होत्या. रंगमंचासमोर एका बाजूला उंच लाकडी मंच होता, चाकाच्या खुर्चीतील आणि उभे न राहू शकणाऱ्या लोकांसाठी. तिथे पंचाहत्तरीचे एक गृहस्थ दोन्ही कानांत श्रवणयंत्रे घालून बसले होते. शेजारी पत्नी. पुढे मला कळले, की ब्रिटनमधील ग्लॅस्टनबरीसारख्या महोत्सवांत दिव्यांग प्रेक्षकासोबत येणाऱ्या साहाय्यकाला तिकीट विनामूल्य मिळते. सांभाळणाऱ्या माणसाशिवाय त्या व्यक्तीला आनंद घेताच येणार नाही, हे त्यांनी हिशोबातच धरले आहे. ते आजोबा डोळे मिटून, बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरून ऐकत होते. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. मला आमचे नाना आठवत होते.

नाना म्हणजे माझे वडील, वय त्र्याऐंशी. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पन्नास वर्षे गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भजनाला जाणे सोडले. आधी पाऊस, मग थंडी, मग ‘आता नको’. घरात ते गप्प राहू लागले. फोन वाजला की सुनेच्या हाती देत. विचारलेल्याचे उत्तर भलतेच येई. मुलगा म्हणून मला वाईट वाटले; डॉक्टर म्हणून मी त्याला ‘वयोमान’ असे नाव दिले. एका संध्याकाळी मी त्यांच्या स्मरणशक्तीची चाचणीही घेतली. पंखा चालू, बाहेर दूरदर्शन चालू, आणि मी दवाखान्यातल्या सवयीच्या हलक्या आवाजात विचारतो आहे, “आज वार कोणता?” नाना म्हणाले, “हो, जेवलो.” मी मनात स्मृतिभ्रंशाची नोंद केली. परतल्यावर गोळी सुरू करायची, असे ठरवूनच मी विमानात बसलो होतो.

त्या रात्री जर्मनीतून जाताना बाकी सगळे झोपले होते. व्यवस्थापिका गाडी चालवत होती. भाचा माझ्या शेजारी बसला होता. त्याने विचारले, “मामा, नानांनी पेटी का सोडली?”

“वय झालं रे.”

“बोटं चालत नाहीत?”

“बोटं ठीक आहेत. मन लागत नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दोन वर्षांपूर्वी एका छोट्या हॉलमध्ये मी बुचं विसरलो. चार दिवस कानात शिट्टी वाजत होती. त्या चार दिवसांत मी कुणाला भेटलो नाही. कोण काय बोलतंय ते नीट कळायचं नाही, आणि पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटायची. आईला वाटलं, मी रुसलोय. तेव्हापासून दर वर्षी ऑडिओग्राम काढतो. नानांचा काढलायस ना?”

मी उत्तर दिले नाही. अंधारात त्याला माझा चेहरा दिसला नसावा, एवढाच काय तो दिलासा. घरात डॉक्टर असून आणि दहा मिनिटांवर तपासणीची सोय असूनही नानांच्या कानात मी साधी बॅटरीसुद्धा लावून पाहिली नव्हती.

परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. नाना तयार नव्हते. “मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता,” हे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांच्याआधी त्या बंद काचेच्या खोलीत मी बसलो. माझ्या आलेखातही वरच्या पट्टीच्या सुरांपाशी उतार निघाला. तरुणपणी गणेशोत्सवात ताशाला कान लावून घालवलेल्या रात्रींचा तो हिशोब असावा. नानांनी तो कागद निरखून पाहिला आणि काही न बोलता आत जाऊन बसले.

त्यांच्या उजव्या कानात मळाचा घट्ट खडा होता. तो काढल्यावर थोडा फरक पडला. पण दोन्ही कानांचे उंच स्वर ऐकणे बरेच कमी झाले होते. वाढत्या वयात प्रथम जातात ते हेच स्वर. स, श, फ, थ अशी व्यंजने याच पट्टीत असतात. त्यामुळे माणूस बोलतो आहे हे ऐकू येते. काय बोलतो आहे ते कळत नाही. ‘सात’ आणि ‘हात’ यांत फरक राहत नाही. भजनात टाळांच्या गजरात तर काहीच उमगत नसणार. चुकीच्या ठिकाणी सूर धरला जाईल आणि लोक हसतील, या धास्तीने त्या अभिमानी माणसाने पेटी मिटली होती. हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

गोळी अर्थातच सुरू केली नाही. शांत खोलीत, श्रवणयंत्र लावून, समोर बसून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा नानांनी वार, तिथी आणि वर माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातील गणिताचे गुणही सांगितले. श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध मात्र खोटा नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत श्रवणदोषाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये गणले आहे. म्हणजे न ऐकू येणे हे विसराळूपणासारखे दिसू शकते, आणि दुर्लक्षित राहिले तर त्या दिशेला नेऊही शकते. दोन्ही कारणांसाठी कान आधी तपासावेत.

सांभाळणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. टीव्हीचा आवाज वाढतो आहे, फोन दुसऱ्याच्या हाती दिला जातो आहे, गर्दीत जाणे टाळले जाते आहे, ‘तुम्ही पुटपुटता’ अशी तक्रार होते आहे, यांतले काहीही दिसले तर तपासणी करून घ्यावी. कानात तेल किंवा काड्या घालू नयेत. ओरडून बोलू नये. ओरडल्याने शब्द वेडेवाकडे होतात. उजेडात, समोर बसून, थोडे सावकाश बोलावे आणि पंखा-टीव्ही बंद करावा. एखाद्या कानाचे ऐकणे अचानक, तास-दोन तासांत वा एका रात्रीत गेले, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठावे. तिथे वेळ हेच औषध असते. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखे लावताक्षणी लखलखीत दाखवणारे साधन नाही. विस्मृतीत गेलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखावे लागतात. पहिल्या आठवड्यात नानांना भांड्यांचा खणखणाट असह्य झाला आणि यंत्र दोनदा कपाटात गेले. रोज थोडा वेळ, शांत खोलीत, असे करत तीन महिने लागले.

पेटी अजून पूर्वीसारखी वाजत नाही. यंत्रातून ती ‘पत्र्यासारखी’ ऐकू येते, अशी नानांची तक्रार होती. ऑडिओलॉजिस्टने संगीतासाठी वेगळी जुळणी करून दिली, तरी ते समाधानी नाहीत. टाळांचा कल्लोळ सुरू झाला की ते हात मागे घेतात. पण संथ अभंगाला वाजवतात. त्यांनी एकट्याने मुकाट काढलेली दोन वर्षे मात्र कुठलेही यंत्र परत देणार नाही, आणि त्यांचा हिशोब माझ्या नावावर आहे.

भाचा रविवारी फोनवर दिसतो, कधी व्हॅनमधून, कधी एखाद्या मैदानाच्या कडेवरून. मागच्या आठवड्यात मागे प्रचंड दणदणाट चालू होता. नानांनी श्रवणयंत्र नीट बसवले, पडद्याजवळ तोंड नेले आणि मुख्याध्यापकाच्या आवाजात विचारले, “डबी कुठाय तुझी?” त्याने हसत गळ्यातली डबी वर धरून दाखवली. ती रिकामी होती. बुचे कानात होती.